किती मावते आणि किती लवकर मिळते?

दहावीचा निकाल महाजालावर लागला, की पहिल्या काही मिनिटांत राज्यभरातून एकच झुंबड उडते. सुमारे १५ लाख मुले, त्यांचे पालक आणि शिक्षक, सगळ्यांना निकाल त्याच क्षणी हवा असतो. अशा वेळी कधी कधी पडद्यावर नुसतेच गोल फिरणारे चिन्ह दिसत राहते. मग कोणीतरी म्हणते, ‘एवढ्या मुलांची माहिती मावेल असा मोठा संगणक घ्यायला नको का?’

हे म्हणणे कितपत बरोबर आहे? आपण थोडे गणित करून पाहू या.

एका मुलाचे नाव, बैठक क्रमांक, विषयवार गुण आणि शेरा या सर्वांना मिळून एक किलोबाइट, म्हणजे सुमारे १,००० बाइट जागा लागते असे धरू. १५ लाख मुलांचे झाले १५ लाख किलोबाइट, म्हणजे साधारण दीड गिगाबाइट. मोबाइल फोनमध्ये आपण जे नखाएवढे मेमरी कार्ड घालतो, त्यात हा सगळा निकाल मावून वर जागा उरते! तेव्हा अडचण माहिती मावण्याची नाही. ती वेळेवर काढून देण्याची आहे. बँका, रेल्वे, विमा कंपन्या यांच्या मोठ्या संगणकयंत्रणांचे नियोजन करणाऱ्यांना हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

शाळेच्या वाचनालयाचे उदाहरण घेऊ. पुस्तके वाढली म्हणून आपण कपाटे दुप्पट केली. पण ग्रंथपाल एकच आहे आणि त्याचे पाय दोनच आहेत. मधल्या सुट्टीत येणाऱ्या मुलांना पुस्तके पूर्वीपेक्षा लवकर मिळतील का? उलट कपाटे लांबवर गेल्याने उशीरच होईल.

संगणकातील हार्ड डिस्कची स्थिती अशीच असते. तिच्यात चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या गरगर फिरत असतात आणि एका दांड्याच्या टोकाला माहिती वाचणारे ‘हेड’ असते. हवी असलेली माहिती ज्या वर्तुळावर आहे तिथवर दांडा सरकावा लागतो. याला सरासरीने ८ ते ९ मिलिसेकंद लागतात. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) मग ती माहिती फिरत फिरत हेडखाली येण्याची वाट पाहावी लागते. चकती मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेत असेल, तर एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि सरासरी अर्धी फेरी वाट पाहावी लागते, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. दोन्ही मिळून साडेबारा मिलिसेकंद धरू. याचा अर्थ, इथून तिथून विखुरलेली माहिती काढायची झाली, तर अशी एक डिस्क सेकंदाला फक्त ८० मागण्या पुऱ्या करू शकते.

आता निकालाकडे परत येऊ. १५ लाख मागण्या २४ तासांत सारख्या विखरून आल्या, तर सेकंदाला जेमतेम १७ येतील. एकच डिस्क हे काम हसतखेळत करील. पण त्याच मागण्या पहिल्या १० मिनिटांत आल्या, तर सेकंदाला २,५०० होतात, म्हणजे १४४ पट! दिवसाची सरासरी काढून यंत्रणा उभारणारा माणूस इथे पुरता फसतो. पुराची उंची वर्षाच्या सरासरी पावसावरून कळत नाही, तसेच हे आहे. २,५०० भागिले ८०, म्हणजे ३२ डिस्क हव्यात. माहिती मात्र एका डिस्कच्या कोपऱ्यात मावणारी!

या दोन क्षमतांमधील अंतर गेल्या काही दशकांत फार वाढले आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने फिरत्या चकत्यांचे पहिले साठवणयंत्र बाजारात आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. हवी ती माहिती शोधायला त्याला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आज २० टेराबाइटची डिस्क तळहातावर मावते. म्हणजे साठवण झाली ४० लाख पट. शोधण्याचा वेग मात्र सुमारे ५० पटच वाढला. कारण उघड आहे. चुंबकीय ठिपके लहान लहान करत जाता येते, पण दांडा आणि चकती या हलणाऱ्या वस्तू आहेत. चकती जास्त वेगाने फिरवली, की उष्णता वाढते, कंप वाढतो, वीज जास्त लागते. मिनिटाला १५,००० फेऱ्या घेणाऱ्या डिस्क २००० साली बाजारात आल्या; त्यापुढे हा वेग फारसा सरकला नाही.

यातून एक फसगत होते. समजा, एका कार्यालयात १ टेराबाइटच्या २० डिस्क आहेत. त्या सेकंदाला १,६०० मागण्या पुऱ्या करतात. त्या काढून २० टेराबाइटची एकच डिस्क बसवली. जागा तेवढीच, खर्च कमी, वीजही वाचली. पण मागण्या पुऱ्या होणार सेकंदाला ८०! हिशेबाच्या वहीत फायदा दिसतो आणि खिडकीपुढे रांग लागते.

आता आणखी खोल जाऊ. वर आपण ३२ डिस्क काढल्या, त्या खरोखर पुरतील का? पुरणार नाहीत. त्या सगळ्या क्षणभरही रिकाम्या न राहता राबल्या, तरच हिशेब जुळतो. पण मागण्या शिस्तीत एकामागून एक येत नाहीत. कधी एकदम पाच येतात, कधी काही क्षण कोणीच येत नाही. मोकळा गेलेला क्षण साठवून पुढच्या गर्दीला वापरता येत नाही. म्हणून सरासरीने काम झेपत असले तरी रांग लागतेच.

या रांगांचे गणित प्रथम मांडले ते डेन्मार्कचे गणिती ए. के. एर्लांग यांनी, १९०९ साली. प्रश्न होता टेलिफोनच्या तारांचा. कोपनहेगनमध्ये किती तारा ठेवल्या म्हणजे लोकांना ताटकळावे लागणार नाही? त्याच विचारातून पुढे वाढलेल्या शास्त्राचे एक सोपे सूत्र असे: मागण्या कोणत्याही क्षणी येतात आणि प्रत्येकीला लागणारा वेळ कमीजास्त असतो असे मानले, तर

एकूण सरासरी वेळ = कामाचा वेळ ÷ (१ − यंत्र जितका भाग कामात असते तो)

आपल्या डिस्कचा कामाचा वेळ साडेबारा मिलिसेकंद. ती निम्मा वेळ कामात असेल, तर उत्तर यायला २५ मिलिसेकंद लागतील. ८० टक्के कामात असेल तर ६२.५, ९० टक्के असेल तर १२५, ९५ टक्के असेल तर २५०, आणि ९८ टक्के असेल तर ६२५ मिलिसेकंद. ५० वरून ८० टक्क्यांवर जाताना वेळ अडीच पट झाला. पण ९० वरून ९८ वर जाताना, केवळ आठ टक्क्यांत, तो पाच पट झाला! हे चढणे सरळ रेषेत नाही. शेवटी शेवटी तो उभा कडाच आहे. त्यातच वाट पाहून कंटाळलेला माणूस पुन्हा पुन्हा कळ दाबतो, प्रत्येक वेळी नवी मागणी रांगेत येते आणि रांग आणखी लांबते.

म्हणून जाणते नियोजनकार यंत्राला शंभर टक्के जुंपत नाहीत. साठ टक्क्यांची मर्यादा पाळली, तर आपल्या उदाहरणात ३२ ऐवजी ५३ डिस्क लागतील. वरवर पाहता २१ डिस्क फुकट पडून आहेत असे वाटेल. पण धरणाच्या सांडव्याला आपण वाया गेलेले बांधकाम म्हणत नाही!

यावर आणखी उपाय आहेत. माहिती अनेक डिस्कवर वाटून, शिवाय एखादी बिघडली तरी चालेल अशी रचून ठेवण्याची ‘रेड’ पद्धत अमेरिकेत बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली मांडली. हलणारे भाग नसलेल्या एसएसडीमध्ये दांडा नाही, चकती नाही. त्यामुळे ती सेकंदाला हजारो मागण्या पुऱ्या करते. आणि निकालासारखी दीड गिगाबाइटची माहिती तर सरळ मुख्य स्मृतीतच ठेवता येते. मोठ्या बँकेची सगळी माहिती तशी ठेवणे मात्र फार खर्चाचे पडते. तिथे वारंवार लागणारी जवळ आणि क्वचित लागणारी दूर, अशी विभागणी करावी लागते. यंत्र कितीही वेगवान आले, तरी रांगेचे सूत्र बदलत नाही. डिस्कपुढची रांग हटली, की ती प्रक्रियकापुढे किंवा जोडणीच्या तारेपुढे लागते. सर्वांत अरुंद दार कोणते, हे दर वेळी नव्याने मोजावे लागते.

हे वर्गात दोन फाशांनी करून पाहता येते. प्रत्येक डावात दोन्ही फासे टाका. पहिल्या फाशावर १ पडला तर एक मुलगा रांगेत येईल. दुसऱ्यावर १ ते ४ पैकी काही पडले, तर रांगेतला एक जण बाहेर जाईल. रांग रिकामी असेल तर ती संधी वाया गेली. असे १०० डाव खेळून प्रत्येक डावानंतर रांगेची लांबी फळ्यावर लिहा. मग पहिल्या फाशावर १ किंवा २, नंतर १ ते ३ आणि शेवटी १ ते ४ पडल्यास मुलगा येईल असे ठरवून पुन्हा खेळा. शेवटच्या खेळात येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची शक्यता अगदी सारखी आहे. तरीही रांग का लांबते, हे मुलांनाच सांगू द्या. आलेखाचा कडा त्यांच्याच हातून फळ्यावर उभा राहील.

मग शाळेत पाण्याचे नळ किती हवेत, प्रवेशाच्या दिवशी खिडक्या किती उघडाव्यात, हे प्रश्नही त्यांना वेगळे दिसू लागतील. तिथेही टाकीत पाणी किती मावते एवढे विचारून भागत नाही. मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटांत किती मुलांना ते मिळते, हे विचारावे लागते.