दोन गुरुजी, पाच इयत्ता

काजळी नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी भाट्ये वसले आहे. खाडीवरील पूल ओलांडला की रत्नागिरी शहर लागते. वाहनाचे भाडे व खाजगी शाळेचे शुल्क ज्या पालकाला परवडते, त्याच्या मुलाला पलीकडच्या शाळांची वाट मोकळी आहे. शहरालगतच्या गावाला निदान हा पर्याय तरी असतो. संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांतील डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांना तोही नाही. तेथे जिल्हा परिषदेची शाळा हाच एकमेव आधार असून तिचा पट मात्र घटत चालला आहे.

याचा दोष गुरुजींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. मुंबईकडे जाणारा ओघ आणि घटता जन्मदर यांपुढे शाळा काय करणार? तरीही पट घटला की शाळा परवडत नाही, हा हिशेब मांडला जातोच. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये मागविले, त्यामागेही हाच विचार दिसतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब अपुरा आहे. लहान शाळेत दरडोई खर्च अधिक येतो, हे खरे. परंतु शाळा बंद झाल्याने तो सगळा वाचत नाही. त्याचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून पालकाच्या खिशावर आणि मुलाच्या पायांवर सरकतो. पावसाळ्यात पऱ्ह्या ओलांडून सहा वर्षांच्या मुलीला दूर धाडण्यापेक्षा घरी ठेवणे पालक पसंत करतील, तर ते नुकसान कोणत्या अंदाजपत्रकात दाखविणार? याच जिल्ह्यातील कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही खर्चाचाच बाऊ करण्यात आला होता, आणि पुढील वर्षी ते फेटाळले गेले.

तथापि शाळा टिकविणे एवढ्याने भागणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानले जातात. म्हणजे दोन गुरुजी आणि पाच इयत्ता ही कोकणातील नित्याची स्थिती होय. असे असता पाठ्यपुस्तके व वार्षिक नियोजन मात्र प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक आहे असे गृहीत धरून तयार होतात. परिणामी एका इयत्तेला शिकविताना दुसरीला उतारा गिरवीत बसविणे गुरुजींना भाग पडते.

मूल्यमापनाचीही तीच गत. २०१० पासून राज्यात आकारिक व संकलित मूल्यमापन सुरू झाले. कल्पना चांगली होती. पण पाच इयत्तांच्या नोंदी दोघांनी ठेवायच्या म्हटल्यावर निरीक्षणाला सवड उरेना आणि नोंदवह्या तेवढ्या भरू लागल्या. पुढे २०२३ च्या नियमाने पाचवी व आठवीच्या अखेरीस पास-नापासाची परीक्षा परत आली. जे मूल दुसरीतच वाचनात अडखळले, त्याचे अडखळणे पाचवीच्या निकालात कळून काय उपयोग?

बहुवर्ग अध्यापन ही नाइलाजाची तडजोड न मानता तिच्यासाठीच पद्धत आखली पाहिजे. कोलंबिया देशात १९७० च्या दशकात ग्रामीण शाळांसाठी स्वयंअध्ययनाच्या पुस्तिका तयार झाल्या आणि मुले आपापल्या गतीने पुढे जाऊ लागली. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीने शिक्षणपत्रांच्या साह्याने अशीच वाट चोखाळली. अशी साधने मराठीत लहान शाळांना पुरवावीत. शिक्षक पदविकेच्या अभ्यासक्रमात या अध्यापनाला मानाचे स्थान द्यावे. नोंदी कमी करून दर तिमाहीस प्रत्येक मुलाचे वाचन व गणित केंद्रप्रमुखाच्या उपस्थितीत तपासावे, आणि मागे पडलेल्यास तेव्हाच हात द्यावा. इंग्रजी वा कलेचा शिक्षक हवा असेल, तर केंद्रशाळेतील शिक्षकाने आठवड्यातून एक दिवस वाडीवर यावे. पाच इयत्तांच्या मुलांनी रोज डोंगर उतरण्यापेक्षा एका शिक्षकाने तो चढणे स्वस्तही आहे आणि न्याय्यही.