जुनें तेवढें दुर्मिळ नव्हे

जुन्या नाण्यांचा छंद आतां घरबसल्या मोबाइलवरून पुरवितां येतो. मात्र मनाजोगती वस्तु दिसली कीं भावाचा विचार मागें पडतो. गेल्या वर्षीं आमच्या घरीं असेंच झालें. लक्ष्मीपूजनांत मांडावयाचा आजींचा १८६२ सालचा राणीछाप रुपया गहाळ झाला. धाकट्या नातवानें मोबाइलवर तसाच एक शोधून काढला; पण विक्रेता तो ‘अतिदुर्मिळ’ म्हणून सराफाच्या भावाच्या आठपट मागत होता. मुलगा साठविलेली सारी रक्कम देण्यास सिद्ध झाला!

जुनेपण निराळें, दुर्मिळपण निराळें. टांकसाळींनीं ‘१८६२’ हा आंकडा पुढें दहा वर्षांहून अधिक काळ रुपयांवर तसाच ठेविला. त्यामुळें ते साधारणतः विपुल मिळतात. उलट, १९३९ सालचा चांदीचा रुपया वयानें लहान असूनही खरोखर दुर्मिळ आहे. शिवाय मागितलेली किंमत ही विक्रेत्याची केवळ इच्छा होय. खरी किंमत पार पडलेल्या लिलावांच्या नोंदींत सांपडते.

त्या नोंदी पाहून आम्हीं विक्रेत्यास रास्त रक्कम एकदांच, सभ्य शब्दांत कळविली. उत्तर आलें नाहीं. मुलगा चिडून कांहीं खरमरीत लिहूं लागला, तेव्हां आम्हीं त्यास आंवरलें. महिन्याभरानें दुसऱ्या विक्रेत्याकडे तसाच रुपया रास्त भावांत मिळाला. हातीं येतांच काट्यावर घातला, मूळच्या ११.६६ ग्रॅमांच्या जवळपास भरला, तेव्हां समाधान झालें.

भाव सांगणें विक्रेत्याच्या हातीं. तो न देणें आपल्या हातीं. घरांतील मुलांस हें वेळींच शिकवावें, असें आम्ही सुचवितों.