मनाची गोडी आटते तेव्हा
पेडणे-डिचोलीकडे काजूचा हंगाम आला की घरोघरी लगबग असते. पण एखाद्याला पिकले बोंडूही गोड लागत नाही, सांजावाची ओढ वाटत नाही, पोरांशी बोलावेसे वाटत नाही. घरची माणसे त्याला आळशी म्हणतात. हा आळस नव्हे, हे आम्ही निक्षून सांगतो. दोन आठवडे कशातच गोडी वाटली नाही, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते.

पाट बुजला की कुळागर सुकते, तसेच हे. आनंद वाटेनासा झाला की माणूस काम व माणसे टाळतो. ती सुटली की आनंदाची वाटच बंद होते आणि मन अधिक खचते.

यावर गोव्यातच उपाय तपासला गेला. 'संगाथ' संस्थेच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्णांना साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत छोटी छोटी कामे ठरवून करायला शिकवले. तीन महिन्यांनी त्यांचे नैराश्य इतरांपेक्षा कमी आढळले.

म्हणून उत्साहाची वाट पाहू नये. भाटात एक फेरी मारावी, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलावे. फेणीचा आधार घेऊ नये. तिने मन अधिकच खचते. जगणे नकोसे वाटले तर त्याच दिवशी घरच्यांना सांगावे, डॉक्टरांना भेटावे किंवा १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा.