दवाखान्यात न आलेली माणसं

महाराष्ट्रातल्या ग्रामीण आरोग्याविषयी बोलायचं म्हटलं की दोन जोडप्यांची नावं आल्याशिवाय राहत नाहीत. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, आणि गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. त्यांच्या कामावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. पण काम उभं करण्याआधी ही चौघंही एकाच ठिकाणी शिकून आली होती, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ठिकाण अमेरिकेतलं बाल्टिमोर, संस्था जॉन्स हॉपकिन्स, आणि पदवी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी.

हॉपकिन्सचं सार्वजनिक आरोग्याचं विद्यालय १९१६ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशांतून स्थापन झालं. विल्यम वेल्च हे त्याचे शिल्पकार. आंतरराष्ट्रीय आरोग्य हा विषय मात्र तिथे १९६१ मध्ये आला, तो कार्ल टेलर यांच्यामुळे. टेलर अर्धे आपलेच. मसुरीजवळच्या लंढौरला मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले. पुढे लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलं, आणि पंजाबातल्या नारंगवाल गावाच्या परिसरात मोठा प्रयोग केला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना थोडं प्रशिक्षण दिलं, तर मुलांचा न्यूमोनिया ओळखून त्यावर पेनिसिलिन देणं त्यांना जमतं, हे तिथे दिसलं. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याच्या घडणीतही टेलर यांचा हात होता. अशा माणसाच्या विभागात आपले हे डॉक्टर शिकायला गेले. त्यामुळे परदेशी शिक्षण आणि देशी काम अशी फाळणी इथे मुळातच लागू पडत नाही.

मग एमबीबीएस, एमडी झालेल्या माणसाला तिथे नवं असं काय मिळतं? माझं उत्तर एका शब्दात आहे: छेद. शाळेतल्या अपूर्णांकातला, रेषेखालचा आकडा.

समजा, तालुक्याच्या रुग्णालयात वर्षभरात न्यूमोनियाची ४० मुलं दाखल झाली आणि त्यांतली ४ दगावली. डॉक्टरच्या लेखी मृत्यूचं प्रमाण दहा टक्के. साथरोगशास्त्राचा शिक्षक विचारतो, त्या तालुक्यात मुलं किती? आजारी किती पडली? घरीच किती गेली? रुग्णालयाच्या रजिस्टरात याचं उत्तर नसतं. ते मिळवायचं तर गावांची यादी करावी लागते, घरोघर जावं लागतं, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवावा लागतो. सांख्यिकी, साथरोगशास्त्र, नमुना निवड, आरोग्याचं अर्थशास्त्र, व्यवस्थापन हे विषय रुक्ष वाटतात खरे, पण ते सगळे याच कामाची हत्यारं आहेत. उपचार शिकलेला डॉक्टर समोर आलेल्या माणसाला पाहतो. ही पदवी न आलेल्यांचा हिशेब ठेवायला शिकवते.

१९८४ मध्ये बंग दाम्पत्याचं एमपीएच झालं. त्यानंतर लवकरच ते गडचिरोलीत आले आणि ‘सर्च’ ही त्यांची संस्था सुरू झाली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावातल्या सरसकट स्त्रियांची तपासणी केली. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते आणि याआधी कधी तरी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोवर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जाई. छेदात सगळ्या बायका घेतल्यावर ते चित्र टिकलं नाही.

न्यूमोनियाचंही तसंच. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वास मोजून कळतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचा ५० किंवा जास्त असेल तर धोका. पण गावच्या सुईणीला साठापर्यंत मोजता येत नसेल तर? गडचिरोलीत त्यासाठी एक साधन तयार झालं: लाकडी पट्टीवर ओवलेले मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, की औषध सुरू करायचं. जागतिक निकष, सांख्यिकी आणि निरक्षर बाईचे हात या छोट्या वस्तूत एकत्र येतात. आंतरराष्ट्रीय आरोग्य म्हणजे काय हे शिकवायचं झालं, तर मी विद्यार्थ्यांपुढे आधी हीच वस्तू ठेवीन.

पुढे गडचिरोलीतच घरोघर नवजात बालसेवा आली. ३९ गावांत ती दिली, ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी दिसला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशाताईंच्या कामात घेतली. ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा किती तरी जास्त असल्याचं दाखवलं, तेव्हा तर विधिमंडळापर्यंत खळबळ माजली. तीसुद्धा मोजणीचीच करामत.

आरोळेंची वाट थोडी वेगळी. १९७० मध्ये जामखेडला काम सुरू करून त्यांनी गावातल्याच, अनेकदा दलित आणि निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका केलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. आज परदेशांतले विद्यार्थी शिकायला जामखेडला येतात.

आता ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांच्यासाठी. हॉपकिन्सचं पूर्णवेळ एमपीएच सुमारे अकरा महिन्यांचं, भरगच्च आणि महागडं. लंडन, लिव्हरपूल, अँटवर्प इथल्या उष्णकटिबंधीय आजारांच्या जुन्या संस्था आहेत. त्यांचा जन्म वसाहतींच्या गरजेतून झाला, हे ध्यानात ठेवून तिथे जावं. ढाक्याचं ब्रॅक विद्यापीठ मला विशेष मोलाचं वाटतं, कारण तिथे बांगलादेशातली गावं आणि वस्त्या हाच अभ्यासाचा विषय असतो. देशात तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि पुणे विद्यापीठातही हे शिक्षण मिळतं. डॉक्टर असण्याची अट सगळीकडे नसते. परिचारिका, अर्थशास्त्राचे, समाजकार्याचे विद्यार्थी येतात आणि वर्ग त्यानेच समृद्ध होतो.

संस्था निवडताना क्रमवारीच्या याद्या बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारावेत. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वस्तीत किती काळ काम करायला मिळतं? ज्या देशातली माहिती गोळा होते, तिथल्या संशोधकांचं नाव शोधनिबंधावर येतं का? आणि शहराच्या स्वतःच्या गरीब वस्तीशी संस्थेचं नातं काय आहे? बाल्टिमोरमध्येच एका मोहल्ल्यातल्या आणि दुसऱ्या मोहल्ल्यातल्या आयुर्मानात जवळपास वीस वर्षांचा फरक आढळला आहे, आणि तो पाहायला तिथल्या विद्यार्थ्याला विमान पकडावं लागत नाही.