लग्नातले कँडिड फोटो: कॅमेऱ्यासाठी कर्ज काढण्याआधी

मैत्रिणींनो, सध्या गटांच्या बैठकीत एक नवीन मागणी येतेय. बारावी झालेल्या मुली, नवीन सुना म्हणतात, “लग्नाचे कँडिड फोटो काढायचा व्यवसाय करायचाय, कॅमेऱ्यासाठी अंतर्गत कर्ज द्या.” मागणी चांगली आहे. पण हो म्हणण्याआधी थोडी माहिती हवी.

कँडिड म्हणजे “इकडे बघा, हसा” न म्हणता नकळत टिपलेला फोटो. बांगड्या भरताना नवरीच्या हातावर फिरणारा आजीचा हात, अंतरपाटामागे नवऱ्याची चुळबुळ, पाठवणीला खांबाआड उभे राहिलेले वडील. यात बाईला मोठी सोय आहे. नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर शिरला की सगळ्या पदर सावरून बसतात. तुम्ही गेलात तर गप्पा चालूच राहतात.

जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात आरसा असतो. बटण दाबलं की तो वर उचलला जातो आणि खटकन आवाज येतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून तो लहान आणि हलका. कॅनन आर ५० लेन्सशिवाय पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. फोटो उजळ येणार की काळा, हे आधीच स्क्रीनवर दिसतं, शिकणारीला याचा फार उपयोग. बरेच नवे कॅमेरे माणसाचे डोळे ओळखून फोकसही धरतात.

आवाज पूर्ण बंदही करता येतो. पण हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली तसे फोटो काढले तर आडवे पट्टे येऊ शकतात. तिथे साधं शटर वापरा आणि वेग १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं पट्टे बहुतेक वेळा जातात.

माझं मत विचाराल तर महागडी बॉडी घेऊ नका, पैसे लेन्सवर घाला. कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स झूम केल्यावर साधारण एफ ५.६ वर जाते. एफ १.८ ची लेन्स तिच्या नऊपटीहून जास्त उजेड आत घेते. संध्याकाळच्या मांडवात फ्लॅश न मारता फोटो येतो तो त्यामुळेच. बॅटरी लवकर उतरते, दोन जादा ठेवा. अशा लहान कॅमेऱ्यांत बहुधा एकच कार्ड बसतं, म्हणून फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून घ्या. लग्न काही परत लावता येत नाही!

आता हप्त्याचं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतात. हप्ता मात्र श्रावणातही भरावाच लागतो. त्यामुळे कर्ज मागणारीने चार महिन्यांचे हप्ते कुठून भरणार, ते अर्जासोबत लिहून द्यावं. बारसं, डोहाळजेवण, गटाच्या मालाचे फोटो अशी कामं तेव्हा धरता येतील. ते लिहिलेलं नसेल तर गटाने अर्ज पुढच्या बैठकीत ठेवावा, लगेच नाही म्हणू नये.

नवरीचे फोटो घरच्यांना आणि तिला विचारल्याशिवाय स्टेटसला टाकायचे नाहीत. आणि नवरी अठराच्या आतली असेल तर ऑर्डर घेऊ नका, १०९८ ला फोन करा.

तालुक्याच्या ठिकाणी कॅमेरा दिवसाच्या भाड्यानं मिळतो का, ते आधी विचारा. तसा आणून नात्यातली दोन-तीन लग्नं करा, ते फोटो बैठकीत दाखवा आणि मग अर्ज लिहायला बसा.