ओढ्याने दुभंगलेलं गाव : म्योडलारॉइट

जर्मनीच्या फाळणीचा विषय निघाला की आपल्याकडे बर्लिनपुढे कोणी जात नाही. पण ती फाळणी एखाद्या घराच्या उंबऱ्यापर्यंत कशी पोचली हे समजून घ्यायचं, तर होफ शहराच्या उत्तरेला असलेलं म्योडलारॉइट हे शेतकऱ्यांचं खेडं पाहायला हवं. वस्ती जेमतेम पन्नासाच्या आसपास. मधून टान्नबाख नावाचा ओढा वाहतो, उडी मारून ओलांडावा एवढाच.

१८१० साली या ओढ्याच्या काठाने दगड रोवले गेले. एका अंगाला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या अंगाला रॉयस घराण्याचं छोटं संस्थान. पुढे राजे गेले, संस्थान थुरिंगियात विलीन झालं, तरी गावाला त्या हद्दीचा जाच नव्हता. शाळा आणि खानावळ थुरिंगियाच्या बाजूला होती; प्रार्थनेला सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनच्या चर्चमध्ये जात. सोयरिकी तर दोन्हीकडे होत्याच.

घात केला तो नकाशाने. सप्टेंबर १९४४मध्ये लंडनला दोस्त राष्ट्रांनी पराभूत जर्मनीचे विभाग ठरवताना जुन्याच प्रांतिक सीमा धरल्या. थुरिंगिया सोव्हिएत विभागात गेला, बव्हेरिया अमेरिकी विभागात, आणि १९४९मध्ये टान्नबाख ही दोन देशांची सरहद्द झाली.

खरी क्रूरता १९५२च्या मे महिन्यात सुरू झाली. पूर्व जर्मनीने सीमेलगत पाच किलोमीटरचा प्रतिबंधित पट्टा आखला, त्यात पाचशे मीटरचा आणखी कडक पट्टा. ज्यांच्यावर सरकारचा भरवसा नव्हता, त्या कुटुंबांना सामान बांधायलाही पुरेसा वेळ न देता हलवलं गेलं. आधी लाकडी कुंपण आलं, मग काटेरी तारा, आणि १९६६मध्ये सुमारे सातशे मीटर लांबीची, माणसाच्या दुपटीच्या जवळ जाणारी काँक्रीटची भिंत. पश्चिमेकडून पलीकडच्या नातलगाला हात हलवून दाखवता येई. पूर्वेकडच्याला तो परत हलवायची बंदी होती. फाळणीबद्दल जे जे वाचलं, त्यात हा नियम मला सर्वांत अमानुष वाटतो. गोळी झाडणाऱ्या पहारेकऱ्याची निदान भीती तरी उघड असते. इथे ओळख दाखवणंच गुन्हा ठरवलं होतं.

तरीही १९७३च्या मे महिन्यात एक जण गाडीवर शिडी लावून भिंतीपलीकडे निसटला. अमेरिकी सैनिक गावाला 'लिटल बर्लिन' म्हणत. १९८३च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश ही भिंत पाहायला आले होते.

बर्लिनची भिंत उघडल्यावर एका महिन्याने, ९ डिसेंबर १९८९ रोजी, इथे पायी जाण्यापुरती वाट मोकळी झाली. १७ जून १९९० रोजी यंत्र लावून भिंत पाडली. तिचा एक भाग मात्र गावाने राखला आणि त्याच वर्षी संग्रहालयाची सुरुवात झाली. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. ज्या भिंतीने आपल्याला कोंडलं तिचा मागमूसही नको, असं वाटणं स्वाभाविक होतं. पण सगळी भिंत गेली असती, तर पुढच्या पिढीला ही हकिगत अतिशयोक्तीच वाटली असती.

राज्यांची हद्द मात्र आजही ओढ्यातूनच जाते. अर्धं गाव बव्हेरियातल्या ट्योपेनकडे, अर्धं थुरिंगियातल्या गेफेलकडे. पिनकोड वेगळे, दूरध्वनीचे क्रमांक वेगळे, गाड्यांच्या पाट्या वेगळ्या. एका काठावर भेटल्यावर 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, दुसऱ्या काठावर 'गुटन टाग', आणि कोणालाही कोणाची परवानगी लागत नाही. जर्मनीला जाणाऱ्यांनी बर्लिनसोबत या गावासाठीही एक दिवस काढावा.