शेताचा फोटो आणि त्याखालची ओळ
(शहाड येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

शेतीच्या फोटोंवर बोलायचं आणि तेही शहाडमध्ये, हे ऐकून काहींना गंमत वाटली असेल. स्टेशनबाहेर आलं की सेंच्युरी रेयॉन, पुलावरचा ट्रॅफिक आणि रिक्षा. शेत कुठाय? पण कल्याण-मुरबाड रस्ता इथूनच जातो. म्हारळ, वरप, कांबा मागे टाकून रायत्याचा पूल ओलांडला की भाताची खाचरं दिसू लागतात. कसाऱ्याची लोकल पकडली तर आंबिवली, टिटवाळा, मग खडवली. टिटवाळ्याच्या पुढे खिडकीतूनच शेत दिसतं. म्हणजे आपण मुंबईच्या अगदी कडेला बसलो आहोत, आणि ही कड पुढे सरकते आहे. रस्त्याकडेच्या खाचरांत आधी मातीचा भराव पडतो, मग पत्र्याचं कुंपण, मग बोर्ड. त्यामुळे इथल्या शेताचा आज काढलेला फोटो त्या शेताचा शेवटचा फोटो असू शकतो. म्हणून तो नीट काढला पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे.

आता आपण सगळे काय करतो ते बघा. जुलै लागला की मोबाइल घेऊन निघतो. रस्त्यावर गाडी थांबवतो, हिरवंगार खाचर, मागे डोंगर, वर ढग, आणि मध्ये पाच-सहा रंगीत ठिपके. ते ठिपके म्हणजे आवणी करणाऱ्या बायका. फोटो छान येतो, लाइकही मिळतात. पण रस्त्यावरून काढलेल्या त्या फोटोत काम दिसत नाही, माणूस दिसत नाही. खरं सांगायचं तर तो आणि बिल्डरच्या होर्डिंगवरचा फोटो यांत फरक फारसा नसतो. तिथेही हिरवळच असते.

भाताचं काम जुलैमध्ये सुरू होत नाही, हे फोटो काढणाऱ्याला आधी माहीत हवं. उन्हाळ्यातच राब भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडाच्या डहाळ्या जमिनीवर पसरून जाळायच्या आणि त्या भाजलेल्या तुकड्यावर पावसाच्या तोंडावर बी पेरायचं. काळी राख, धूर, रापलेले हात, कडक ऊन. तेव्हा तिकडे कॅमेरा घेऊन कोणी फिरकत नाही, कारण हिरवं काहीच नसतं. मग रोपं वाढली की ती उपटून मुठी बांधायच्या, चिखलणी, आवणी, पुढे बेणणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग भारे आणि झोडणी. काही ठिकाणी भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. एकाच खाचराकडे वर्षातून सहा-सात वेळा गेलात तर ते शेत तुम्हाला कळेल. सहा-सात वेगळ्या गावांत एकेकदा जाऊन नाही कळत.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात. खाचरातल्या पाण्यात आभाळ उजळ दिसतं, त्यामुळे कॅमेरा फसतो आणि माणसं काळी येतात. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वाढवा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते, दहा मिनिटं थांबा. पहाटेचा सोनेरी प्रकाश वगैरे जे पुस्तकात असतं त्याची पावसाळ्यात काळजी नको. ढगाळ आभाळाखाली अकरा वाजताही प्रकाश मऊच असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उभं राहून काढू नका. आवणी करणारी बाई कमरेत वाकलेली असते. बांधावर उभं राहिलात तर तुम्हाला फक्त पाठ आणि प्लास्टिकचा कागद दिसणार. परवानगी घेऊन बांधावर बसा, कॅमेरा तिच्या हाताच्या उंचीला आणा. मग मूठ सोडणारा अंगठा दिसतो, चेहरा दिसतो, आणि ती किती वेळ वाकून आहे तेही ध्यानात येतं.

हेच वाकलेलं काम पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांतून टिपलं. त्या फोटोंच्या प्रदर्शनाचं नाव ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’. काम समोर दिसतं, पण करणारी दिसत नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव बहुधा नसतंच. पुढे २०१४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया सुरू केलं. ते मराठीतही वाचता येतं. तिथले फोटो बघताना नुसते फोटो बघू नका, खालच्या ओळी वाचा.

त्या ओळींकडे आपण येऊच. त्याआधी एक वाईट सवय, तीही जुनी आहे. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने इथल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. त्यातल्या पुष्कळ चित्रांत माणसं स्टुडिओत उभी करून टिपलेली आहेत आणि मागचं दृश्य दुसऱ्याच फोटोतलं जोडलेलं आहे. माणूस एकीकडचा, जमीन दुसरीकडची! तेव्हाचे कॅमेरे अवजड, प्लेट मंद, त्यामुळे त्याची अडचण समजू शकते. पण आज हातात मोबाइल असताना आम्ही काय पाहतो? शेतावरच्या बाईने पावसासाठी प्लास्टिकचा कागद घेतलेला असतो, आणि फोटो काढायला आलेली मंडळी तिला इरलं घ्यायला सांगतात. बांबूच्या कामट्यांचं, पानांचं इरलं दिसतं सुंदर, यात वाद नाही. पण ती ते वापरत नसेल तर तो फोटो खोटा.

“एवढ्याने काय होतं?” असं कोणी म्हणेल. १९३६ साली अमेरिकेत काय झालं ते ऐका. तिथल्या सरकारने दुष्काळ आणि मंदीत सापडलेल्या शेतकऱ्यांचे फोटो काढायला माणसं नेमली होती. आर्थर रॉथस्टाइन त्यातला एक. साउथ डकोटात त्याला गुराची वाळलेली कवटी सापडली. त्याने ती थोडी हलवून वेगवेगळ्या जागी ठेवली आणि फोटो काढले. वर्ष निवडणुकीचं. विरोधातल्या वर्तमानपत्रांनी हे उचललं आणि सरकारचे दुष्काळाचे फोटो बनावट म्हणून ओरड केली. दुष्काळ खराच होता. पण कवटी काही फूट सरकली आणि चर्चा दुष्काळाची न राहता कवटीची झाली. आपल्याकडे उद्या भरावाविरुद्ध, नदीच्या पुराबद्दल एखाद्याने शेताचा फोटो पुढे केला आणि त्यातलं काही मांडून ठेवलेलं निघालं, तर नुकसान शेतकऱ्याचं होईल. फोटो काढणारा घरी जाईल.

त्याच योजनेत डोरोथिया लँग होती. तिचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो तुम्ही नक्की पाहिलाय: कपाळावर आठ्या, गालाला हात, खांद्याशी तोंड लपवलेली दोन मुलं. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमोजवळ, वाटाणे तोडायला आलेल्या मजुरांचा तळ. पीक गारठून गेलेलं. लँग एरवी टिपणं काळजीने लिहायची, मजुरीचे दर, लोकांची वाक्यं. पण या बाईचं नाव तिने विचारलं नाही. त्यांनी गाडीची टायरं विकून अन्न घेतलं, असं लँगने लिहिलं; घरच्यांनी पुढे सांगितलं की टायर कधी विकलेच नव्हते. बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ते जगाला कळलं १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. तोवर फोटो सगळीकडे पोचला होता. तिला त्यातून एक पैसा मिळाला नाही, आणि याचा तिला राग होता.

आपल्याकडेही फोटोचा स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे काढणाऱ्याचा असतो. फोटोतल्या बाईच्या हातात काही येत नाही. म्हणून आम्ही एक साधा नियम पाळतो. फोटो काढण्याआधी विचारायचं, “मावशी, काढू का?” नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली. हो म्हणाल्या तर पुढच्या खेपेला छापील प्रत न्यायची. व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणून नाही भागत, मोबाइल बहुधा मुलाकडे असतो. कल्याणात कुठल्याही फोटो लॅबमध्ये प्रिंट मिळते, चहाच्या पैशांत.

आता खालची ओळ. ‘निसर्गरम्य मुरबाड’ ही ओळ नव्हे. गाव आणि पाडा लिहा. तारीख लिहा. काम कुठलं, आवणी की बेणणी. भाताचं वाण विचारा. कर्जतच्या संशोधन केंद्राची ‘कर्जत’ वाणं असतील, नाहीतर घरचं जुनं बी असेल. नांगर बैलांचा की पॉवर टिलर. शेत स्वतःचं, की खंडाने, की रोजावर आलेली माणसं. रोजावर असतील तर त्या दिवशीची मजुरी किती. नाव त्यांची हरकत नसेल तरच, आणि ते जसं सांगतील तसं. आपल्याकडे एखादीला अमक्याची आई म्हणूनच ओळखतात. तरी तिचं स्वतःचं नाव एकदा विचारून बघा, हसून सांगतात. शेजारच्या खाचरात भराव पडला असेल तर तोही लिहा, आणि फोटोच्या चौकटीतून तो कापू नका. आणि हे सगळं परतीच्या गाडीत, शहाड यायच्या आत लिहून काढा. सकाळपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.